मुद्दलात किती गेलं?

आमच्या घराचा हप्ता पहिल्यांदा परत गेला तो १,३३३ रुपयांसाठी. ५ जानेवारी २०२३, गुरुवार. खात्यात १७,९०० होते आणि हप्ता १९,२३३चा. मिस्टरांचा पगार सात तारखेला होतो, हप्ता पाच तारखेला कापला जातो. मागच्या पगारातलं जे काही शिल्लक असेल त्यावर ते दोन दिवस निभायचे. त्या महिन्यात शिल्लक कमी पडली.

मला ते कळलं तेही योगायोगानेच. हे पहिल्या पाळीला निघताना चार्जिंगला लावलेला फोन घरीच विसरले. मी मशीनवर एका ब्लाऊजची बाही जोडत होते आणि ओट्यावर फोन तीनदा टुणटुणला. पहिला मेसेज हप्ता बाउन्स झाल्याचा. दुसरा, त्यापोटी पगाराच्या खात्यातून ५०० रुपये आणि वर जीएसटी असे ५९० कापल्याचा. कर्ज देणाऱ्या बँकेने तिचे वेगळे ५९० लावले, ते नंतर उताऱ्यात दिसले. म्हणजे १,३३३ कमी पडले म्हणून ११८० दंड. तिसरा मेसेज क्रेडिट कार्डाचा होता. एकूण देय रक्कम ६२ हजार, किमान देय रक्कम ३,१००.

कार्ड आहे हे मला माहीत होतं. त्यावर ६२ हजार थकलेत हे माहीत नव्हतं.

आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहतो. हे अंबडच्या एमआयडीसीत एका कंपनीत आहेत, मी घरी ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. २०२१च्या दसऱ्याला फ्लॅट बुक केला, ३१ लाखांचा. २५ लाख गृहकर्ज, बाकीचं ह्यांच्या पीएफमधून, माझ्या साठवणीतून आणि कंपनीच्या पतसंस्थेच्या दीड लाखाच्या कर्जातून. घर माझ्या एकटीच्या नावावर घेतलं, कारण त्याच वर्षी एप्रिलपासून बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत सुरू झाली होती. ३१ हजार वाचले म्हणून आम्ही खूश. नंतर ह्यांच्या कंपनीतल्या अकाउंटवाल्याने सांगितलं, की घरात नाव नसेल तर नुसतं सहकर्जदार असून गृहकर्जाच्या व्याजावर प्राप्तिकरात सूट मिळत नाही. ह्यांना कर तसाही फारसा बसत नव्हता, म्हणून फार झोंबलं नाही. पण घर घेताना दहा जणांनी दहा सल्ले दिले आणि ही गोष्ट एकालाही सुचली नाही, याचं नवल वाटतं.

असो. त्या दिवशी हे चार वाजता घरी आले. चहा दिला आणि फोन समोर ठेवला.

"अहो, हे काय आहे?"

"भरतोय ना मी दर महिन्याला," म्हणाले. आणि ते खोटं बोलत नव्हते. किमान देय रक्कम भरली की त्या महिन्याचं काम झालं, असंच ते धरून चालले होते. नवीन घरात आलो तेव्हा स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या कार्डावर केल्या होत्या, मग फ्रिज, मग सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग पेट्रोल. दर महिन्याला तीन हजारांच्या आसपास भरायचे. मला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मी ट्रॉल्या करू दिल्या नसत्या. हे कारण त्यांनीच सांगितलेलं.

सासूबाई खाटेवर बसून शेंगा सोलत होत्या. त्यांचं सगळं आयुष्य सिन्नर तालुक्यात गेलेलं. सासरे विकास सोसायटीचं पीककर्ज काढायचे, ते फेडायला कैकदा त्या स्वतः गेलेल्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "मंग मुद्दलात किती गेलं?"

ह्यांना उत्तर देता आलं नाही. मलाही नाही. मी ब्लाऊजांच्या मापांची वही ओढली आणि मागच्या कोऱ्या पानावर हिशोब मांडला. कार्डाच्या स्टेटमेंटवर बारीक अक्षरात व्याजाचा दर महिन्याला ३.६ टक्के लिहिलेला होता. ६२ हजारांवर महिन्याचं व्याज २,२३२. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ४०२ रुपये. दोन्ही मिळून २,६३४. भरायचे ३,१००. मुद्दलात जाणार ४६६ रुपये. आणि त्याच महिन्यात ह्यांनी कार्डावर टाकलेलं पेट्रोल हजाराच्या वर. शिवाय मागची बाकी उभी असली की नवीन खरेदीला ती पंचेचाळीस-पन्नास दिवसांची बिनव्याजी सवलत राहत नाही, त्या पेट्रोलवरही टाकल्या दिवसापासून व्याज. म्हणजे आम्ही महिन्याला तीन हजार भरून कर्ज वाढवत होतो.

"सोसायटीवाला पावती फाडायचा तव्हा दोन रकाने असायचे," सासूबाई म्हणाल्या. "एक याजाचा, एक मुद्दलाचा. तुमच्या फोनात रकाने न्हाईत का?"

मग घराच्या कर्जाचे रकानेही बघायचं मनात आलं. तिथे काही गडबड असेल असं कोणालाच वाटलं नव्हतं, कारण हप्ता पहिल्या दिवसापासून १९,२३३च होता. दर बदलल्याचे मेसेज यायचे, इंग्रजीत, शेवटी लिहिलेलं असायचं की हप्त्यात बदल नाही. तेवढंच वाचून आम्ही निश्चिंत व्हायचो. ह्यांच्या मोबाइलवरच्या ॲपमधून सव्वा वर्षाचा उतारा काढला. डिसेंबर २०२१च्या पहिल्या हप्त्यात मुद्दल ४,८५८. पुढे दर महिन्याला पंचवीस-तीस रुपयांनी वाढत गेलेलं, जसं जायला हवं तसं. जुलै २०२२ला एकदम ३,२०८. ऑक्टोबरला १,२२४. आणि ज्या जानेवारीच्या हप्त्यासाठी ही सगळी पळापळ झाली, त्यात मुद्दल ५३६.

मी आधी रकाना चुकीचा वाचतेय असं वाटलं. बोट ठेवून परत वाचला.

झालं होतं ते असं. आमचं कर्ज रेपो दराला, म्हणजे रिझर्व्ह बँक बाकीच्या बँकांना ज्या दराने पैसे देते त्याला बांधलेलं, रेपो अधिक २.९० टक्के. घर घेतलं तेव्हा रेपो ४ टक्के, म्हणून व्याज ६.९०. ४ मे २०२२ला रिझर्व्ह बँकेने ठरलेल्या बैठकीची वाटही न पाहता तो ४.४० केला आणि मग वाढवतच गेली. जूनमध्ये ४.९०, ऑगस्टमध्ये ५.४०, सप्टेंबरअखेर ५.९०, डिसेंबरमध्ये ६.२५. आमचा दर तीन महिन्यांनी बदलायचा, म्हणून जुलैत ७.८०, ऑक्टोबरमध्ये ८.८०, जानेवारीत ९.१५. हप्ता तोच ठेवायचा म्हणजे वाढलेलं व्याज मुद्दलाच्या वाट्यातून काढायचं, आणि मुदत मागे लांबत न्यायची.

मुलगी तेव्हा नववीत होती. शाळेत एक्सेल शिकवत होते. तिने ह्यांच्या मित्राच्या लॅपटॉपवर आकडे टाकून किती हप्ते उरलेत ते काढलं. ४७१. वीस वर्षांचं कर्ज, म्हणजे २४० हप्ते, सव्वा वर्ष इमानेइतबारे भरून आता ४७१ उरले होते. एकोणचाळीस वर्षं आणि वर तीन महिने. हे तेव्हा एकोणचाळीसचेच होते. कर्ज फिटेपर्यंत अठ्ठ्याहत्तरचे झाले असते. मुलगी हसायला लागली, मग आमची तोंडं बघून गप्प झाली.

त्या रात्री वहीच्या त्याच पानावर सगळं लिहिलं. ह्यांच्या हातात येणारा पगार ३८,४००, तोही पतसंस्थेचे २,५०० कापून. माझी कमाई धरून चालावी अशी नाही, सरासरी साडेसहा हजार. म्हणजे ४५ हजारांच्या आत. त्यातून घर १९,२३३, मोटारसायकल ३,४१०, कार्ड ३,१००, आणि ह्यांच्या फोनचा हप्ता १,८३३. एकूण २७,५७६. आलेल्या दर शंभरातले एकसष्ट हप्त्यांत जायचे. उरलेल्यात सोसायटीचा मेंटेनन्स, शाळा, गॅस, वीज, किराणा, औषधं आणि माझी दोन हजारांची भिशी. लिहून काढेपर्यंत यातली प्रत्येक रक्कम वेगवेगळी माहीत होती. बेरीज दोघांनीही कधी केली नव्हती.

त्या महिन्यात कार्डाचे पैसे राहिलेच, आणि फोन सुरू झाले. एकदा रात्री नऊला एक मुलगा फोनवर ह्यांच्याशी अरेतुरेत बोलायला लागला. मी फोन घेतला. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचे नाहीत, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२मध्ये बजावलेलं आहे. हे मला माझ्या एका गिऱ्हाईक बाईंमुळे माहीत होतं, त्या बँकेतून निवृत्त झालेल्या. मी तेवढंच म्हणाले, "दादा, आत्ता नऊ वाजलेत. नाव सांगा, मी लिहून घेते." त्याने फोन ठेवला. परत रात्री कधी आला नाही. दिवसा मात्र आला, आणि दिवसा त्याला सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

पहिलं काम मी केलं ते हप्त्याच्या तारखेचं. बँकेत जाऊन विनंती केली, की पाचऐवजी दहा तारीख करून द्या. नाही म्हणाले. मग तो मार्ग सोडला. फेब्रुवारी ते मे लग्नसराई असते, त्या काळात माझ्याकडे वर्षातलं निम्मं काम येतं. त्या वर्षी अस्तराचे, डोरीचे, पॅचवर्कचे ब्लाऊज रात्री दीड-दोनपर्यंत शिवले आणि मिळालेला पैसा घरात येऊच दिला नाही. तो साठवून हप्ता कापणाऱ्या खात्यात एक आख्खा हप्ता आगाऊ ठेवला. त्याला आमच्यात गादी म्हणतात. पगार सातला आला की त्याच दिवशी पुढच्या महिन्याचा हप्ता त्या खात्यात वळता होतो, आणि गादीला कोणी हात लावायचा नाही. आजतागायत दुसरा हप्ता परत गेलेला नाही. कंबर मात्र त्या उन्हाळ्यापासून दुखते ती दुखतेच.

दरम्यान ८ फेब्रुवारीला रेपो ६.५० झाला. एप्रिलपासून आमचा दर ९.४०. एप्रिलच्या हप्त्यात मुद्दल किती गेलं ते मी सकाळीच ॲपवर बघितलं. ३८ रुपये. १९,२३३ भरले, ३८ उतरले. सासूबाईंना सांगितलं तर त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

दोघं शाखेत गेलो. मॅडम चांगल्या होत्या. त्यांनी स्क्रीन आमच्याकडे वळवून दाखवली. त्या म्हणाल्या, सिस्टीम आधी मुदत वाढवत जाते, वर्षातून एकदा तपासणी होते, आणि मुदत मर्यादेबाहेर गेलेली दिसली की हप्ता वाढवावा लागतो. तुमची केव्हाच बाहेर गेली आहे. आता दोन मार्ग. कर्ज एकूण तीस वर्षांपर्यंत ताणायचं, मग हप्ता २०,६१३. किंवा मूळच्या वीस वर्षांतच संपवायचं, मग २३,२८१.

खरं सांगते, मला २०,६१३च हवा होता. ह्यांनाही. ४५ हजारांत २३ हजारांचा हप्ता म्हणजे अर्ध्याच्या वर. आम्ही अर्ज मागितलाही. ह्यांनी खिशातलं पेन काढलं, आणि मला सासूबाईंचा प्रश्न आठवला. मॅडमना म्हटलं, दोन्हींची एकूण बेरीज सांगाल का? त्यांनी कॅल्क्युलेटरवर केली. तीस वर्षांच्या मार्गाने अजून ३४३ हप्ते, ७० लाख ७० हजार. दुसऱ्या मार्गाने २२३ हप्ते, ५१ लाख ९१ हजार. महिन्याला २,६६८ कमी भरण्याची किंमत पावणेएकोणीस लाख. आणि ह्यांची निवृत्ती अठ्ठावन्नला, म्हणजे पहिल्या मार्गात शेवटची दहा वर्षं पगाराशिवाय हप्ता.

२३,२८१वर सही केली. बाहेर येऊन उसाचा रस प्यायलो. दोघांनी मिळून एकच ग्लास, ते काही काटकसर म्हणून नाही, तोंडाला चवच नव्हती.

आता ४,०४८ रुपये जास्तीचे आणायचे कुठून? घरखर्च कमी करा, हे सगळेच सांगतात. मी आधीच तीन महिने तेही करून बघितलं होतं. भाजी पाथर्डी फाट्यावरून न आणता शनिवारी बाजारातून आणली, केबल बंद केली, दूध पाव लिटर कमी केलं. सगळं मिळून सातशेच्या वर गेलं नाही, आणि दूध कमी केल्याने सासूबाई आठ दिवस चहा नको म्हणून बसल्या ते वेगळंच. ज्या घरात आधीपासूनच जपून खर्च होतो, तिथे आणखी जपून फारसं काही निघत नाही. निघणार होतं ते कार्डाच्या २,६३४मधून.

ह्यांना रोज पर्सनल लोनचे फोन यायचे. सोळा टक्क्यांनी कार्ड बंद करून देतो, कागद लागत नाही, दहा मिनिटांत पैसे. कार्डाच्या कंपनीकडूनही थकबाकी हप्त्यांत बदलून द्यायचा फोन आला, तोही साधारण त्याच दराचा आणि वर प्रोसेसिंग फी. हे तयार झाले होते. मी माझ्या बांगड्या काढल्या.

दोन तोळ्यांच्या, लग्नातल्या, आईने केलेल्या. सोनं तारण ठेवणं हे आमच्या माहेरी फार कमीपणाचं समजतात. आईला मी आजही सांगितलेलं नाही. बँकेत सराफ आले, कसोटीवर घासून, ॲसिडचा थेंब टाकून बघितलं, वजन केलं. तेव्हा किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळायचं, मला ऐंशी हजार मिळत होते. मी ६२च घेतले. जास्त घ्या हो, दर तोच आहे, असं तिथला माणूस म्हणाला. त्याचं कामच आहे ते. दर साडेनऊ टक्के, वर्षाचा. महिन्याचं व्याज ४९१ रुपये. तेच ६२ हजार, तोच महिना, कार्डावर २,६३४ आणि बांगड्यांवर ४९१. काउंटरवर पावती घेताना हातात काचेच्या बांगड्या वाजल्या तेव्हा वाईट वाटलं, पण रस्त्यावर येईपर्यंत त्या २,१४३ रुपयांचा विचार जास्त येत होता.

कार्ड त्याच दिवशी शून्य केलं. ह्यांनी घरी येऊन माझ्या कापडाच्या कात्रीने त्याचे चार तुकडे केले. माझी कात्री बोथट झाली हे एक, आणि दुसरं म्हणजे कार्ड कापल्याने खातं बंद होत नाही. पुढच्या वर्षी त्या तुकड्यांचीसुद्धा वार्षिक फी आली, जीएसटीसकट ५९०. मग लेखी अर्ज केला. देणं शून्य असेल तर अर्जानंतर कामाच्या सात दिवसांत खातं बंद करावं लागतं, उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात, असा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. तो अर्जात लिहिला. पाचव्या दिवशी बंद झालं. फी मात्र भरावी लागली.

मेपासून गणित असं झालं. घर २३,२८१, मोटारसायकल ३,४१०, सोन्याचं व्याज ४९१, आणि फोनचा हप्ता मे महिन्यात संपला. जूनला एकूण २७,१८२. म्हणजे घराचा हप्ता चार हजारांनी वाढूनही आम्ही जानेवारीपेक्षा ३९४ रुपये कमी भरत होतो. आणि मेच्या हप्त्यात मुद्दल गेलं ४,०८६. वाढवलेला पैसा सगळाच्या सगळा तिकडे. सासूबाईंनी त्या दिवशी साखर घातलेला चहा स्वतःहून मागितला.

यानंतर सोपं झालं असं मात्र नाही. २०२३च्या दिवाळीआधी नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलं. मामाकडून काय येणार याच्याकडे सगळ्यांचं लक्ष. त्याच महिन्यात माझी भिशी लागली, २४ हजार, आणि ह्यांचा बोनस १८ हजार झाला. ४२ हजार घरात आणि लग्न तोंडावर. हे म्हणाले, एवढं एक कार्य होऊ दे. ताईंनी आमच्यासाठी खूप केलंय, तेही खरं. आम्ही दोन दिवस एकमेकांशी धड बोललो नाही. शेवटी मी ताईंकडे एकटी गेले. बांगड्या कुठे आहेत ते सांगितलं. त्यांनी माझ्या मनगटाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तरीच म्हटलं, गणपतीत हात मोकळे कसे." त्यांनी आहेराचं नावच काढू दिलं नाही. नवरीचे सगळे ब्लाऊज मी शिवून दिले, अकरा होते. मांडवात दोघीतिघींनी टोमणे मारलेच, की मामाने घर घेतलंय आणि हात आखडता. ताईंनी परस्पर त्यांचं तोंड बंद केलं. कर्जाची गोष्ट नातेवाइकांत लपवण्यात जेवढा खर्च होतो, तेवढा बहुतेक व्याजातही होत नसावा.

४२ हजार सोन्यावर भरले. घराच्या कर्जात का नाही, हा प्रश्न ह्यांनी विचारला होता, आणि तो बरोबर होता. दोन्हींचा दर जवळजवळ सारखाच, आणि बदलत्या दराच्या गृहकर्जात मधेच जास्तीची रक्कम भरली तर दंडही लागत नाही. पण तारण सोन्याची मुदत वर्षाची असते. व्याज भरून नूतनीकरण करता येतं, पण विसरलं, चुकलं, तर लिलावाची नोटीस. घराच्या कर्जात एक महिना इकडेतिकडे झाला तर कोणी घर विकायला काढत नाही. म्हणून आधी बांगड्या.

डिसेंबर २०२३मध्ये मोटारसायकल फिटली. तो ३,४१०चा हप्ता आम्ही संपूच दिला नाही, फक्त त्याची दिशा बदलली. जानेवारी ते जून सहा महिने तो सोन्यावर गेला, आणि उरलेले २० हजार फिटले. जून २०२४मध्ये, वटपौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात, बांगड्या घरी आल्या. ठेवल्या तेव्हा सोनं तोळ्याला साठ हजारांच्या घरात होतं, सोडवल्या तेव्हा सत्तरच्या पुढे. सुरुवातीला दिराने सुचवलं होतं की मोडून टाका, एकदाच मोकळे व्हा. ते ऐकलं असतं तर परत तेवढ्या बांगड्या करणं मला या जन्मात जमलं नसतं.

त्यानंतर मोकळे झालेले साडेतीन-चार हजार घराच्या कर्जात भरून मुदत कमी करायची, असं वहीत लिहिलेलं आहे. केलेलं नाही. मुलीचा डिप्लोमाचा प्रवेश, सासूबाईंचा दुसरा डोळा. गृहकर्जात हप्त्याव्यतिरिक्त एक रुपयाही आम्ही अजून भरलेला नाही. पतसंस्थेचे २,५०० अजून कापले जातातच. कोणी विचारलं की कर्जातून बाहेर आलात का, तर नाही. फक्त आता कुठे उभे आहोत ते कळतं.

२०२५मध्ये वारं उलटं फिरलं. रेपो फेब्रुवारीत ६.२५, एप्रिलमध्ये ६, जूनमध्ये एकदम ५.५०. आमचा दर जुलैपासून ८.४०. यावेळी बँकेकडून आलेल्या पत्रात हप्ता कमी करायचा की मुदत, असं स्पष्ट विचारलेलं होतं. ऑगस्ट २०२३मध्ये रिझर्व्ह बँकेने दर बदलताना कर्जदाराला हा पर्याय द्यायलाच लावला, त्याचा हा परिणाम. आमच्या वेळी तो आला असता तर, असं मनात येतंच.

हप्ता कमी केला तर २१,८५०. महिन्याला १,४३१ हातात. हप्ता तोच ठेवला तर उरलेले १९७ हप्ते १७३वर येतात, दोन वर्षं वाचतात. मी मापांची वही घेऊन बसले होते, पण ह्यांचं मन १,४३१वर होतं आणि मला त्यांचा राग आला नाही. पाच वर्षांत त्यांनी स्वतःसाठी एक जोडी बूट घेतलेत.

"१,४३१ म्हणजे महिन्याचं पेट्रोल," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं. "आणि दोन वर्षांचे हप्ते म्हणजे साडेपाच लाख."

ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पाळीवरून येताना परस्पर शाखेत जाऊन हप्ता कायम ठेवायचा अर्ज देऊन आले. मला संध्याकाळी पोचपावती दाखवली. त्यावर माझी सही लागते हे विसरले होते, म्हणून शनिवारी परत दोघांना जावं लागलं.

पाच ऑगस्टला मी सकाळी डबा भरत होते. सासूबाई अजून उठल्या नव्हत्या. हे दाराशी बूट घालता घालता फोन बघत होते. "सात हजार नऊ," म्हणाले, आणि डबा घेऊन खाली उतरले.